कडी कोणत्या खात्यात येते?

शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी थाटात पार पडला. मुख्यमंत्री, अभ्यासमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री, आणि आरोग्य व स्वच्छता हे जोडखातं सातवीतल्या एका मुलीकडे. छातीवर बिल्ले, टेबलावर नारळ, खुर्चीत स्थानिक नेतृत्व. त्याआधी रीतसर निवडणूकही झाली. गुप्त मतदान म्हणजे काय ते बाईंनी फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं, आणि मग बाई म्हणाल्या, ‘‘चला, कोणाला कोण हवं, हात वर करा.’’ वर्गाला पंखे ज्याच्या वडिलांनी दिले, तो मुख्यमंत्री झाला. विरोधी पक्षनेता नेमायचा राहूनच गेला. त्याला कोणी विरोध केला नाही.

इथवर सगळं शास्त्रोक्त. घोळ घातला तो स्वच्छतामंत्र्यांनी. या बाईसाहेबांनी नागरिकशास्त्र वाचलं होतं. इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेलं, तास कमी पडले की आधी कापलं जाणारं ते नागरिकशास्त्र. तेही परीक्षेपुरतं नव्हे, खरोखर वाचलेलं. पहिल्याच बैठकीत तिनं विषय मांडला : मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही.

झालं. कडी कोणत्या खात्यात येते? स्वच्छतेत येत नाही, कारण कडी अस्वच्छ असल्याची तक्रार नाही, ती मुळात नाहीच. आरोग्यात येत नाही, कारण कडीअभावी कोणी आजारी पडल्याची नोंद नाही. बांधकाम खातं या मंत्रिमंडळात निर्माणच केलेलं नाही. शिपाईमामांच्या मते ते सुतारकाम, आणि सुतार आणायचा तर संस्थेची मंजुरी हवी. मंजुरी हवी तर अंदाजपत्रक हवं, अंदाजपत्रक हवं तर मोजमाप हवं, आणि मोजमाप घ्यायला मुलींच्या स्वच्छतागृहात जायचं कोणी? सगळे शिक्षक पुरुष आणि मोजणारा लिपिकही पुरुष, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न आला. एकट्या बाई उरल्या, पण त्यांना निवडणुकीचं काम लागलेलं. म्हणजे खरीखुरी निवडणूक, हात वर करायची नव्हे.

पोरगी चिवट. तिनं २००९चा शिक्षणहक्क कायदा काढला. त्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं लिहिलीत, हे दाखवलं. उत्तर आलं की स्वच्छतागृह स्वतंत्रच आहे, अनुसूचीत कडीचा उल्लेख नाही. मग तिनं दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाकला : कडी कधी बसणार? तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. तिसऱ्या दिवशी वडिलांना शाळेत बोलावणं आलं. ‘‘एवढ्याशा पोरीला हे शिकवतं कोण?’’

अहो, तुम्हीच! पुस्तक तुमचं, तास तुमचा, दोन गुण तुमचे. माहितीचा हक्क सगळ्या नागरिकांना आहे. मतदानासारखी अठराची अट त्याला नाही. घटनेतलं कलम २१-अ तर सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीच लिहिलंय. म्हणजे या शाळेत असा एक मूलभूत हक्क आहे जो मुलांकडे आहे आणि मुख्याध्यापकांकडे नाही. कदाचित तेच खुपत असावं. शपथविधीच्या भाषणात मात्र तेच ते, ‘उद्याचे नागरिक’. उद्याचे कसले? पोरगी आज सातवीत आहे, आज शाळेत येते, आणि दुपारी आत जाताना मैत्रिणीला बाहेरून दार धरून उभं करते. मैत्रीण गैरहजर असली की सकाळपासून पाणीच पीत नाही. पाण्याची बाटली भरलेली येते आणि भरलेलीच घरी जाते, हे तिच्या आईनं पाहिलं, शाळेनं नाही. एक कडी, हो! हार्डवेअरच्या दुकानात स्क्रूसकट पुडीत मिळते. नेतृत्वाच्या गळ्यात घातलेल्या हाराच्या पैशात शाळेतल्या सगळ्या दारांना बसली असती, मुख्याध्यापकांच्या केबिनलासुद्धा. अर्थात त्या केबिनला कडी आहे. आतूनही आणि बाहेरूनही.

असो. प्रकरण रीतसर शाळा व्यवस्थापन समितीपुढे गेलं. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदा म्हणतो. तशा त्या आहेतही. आपण सदस्य आहोत हे त्यातल्या काहींना ठाऊकसुद्धा आहे. बैठक होते ती अशी : शिपाईमामा रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतात, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारलेली असते. पोरीच्या आईचंही नाव यादीत निघालं. कणकेचे हात पुसून तिनं पेन घेतलं, पण सहीआधी वरचा मजकूर वाचायला लागली. (हे दुखणं आनुवंशिक दिसतं.) लिहिलं होतं : ‘ठराव क्र. ४. मुलींच्या स्वच्छतागृहास कडी बसवून दिल्याबद्दल मा. मुख्याध्यापकांचे अभिनंदन करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.’