फोनच्या मृत्यूचा दाखला

राळेगणसिद्धीत नुसतं 'अण्णा' म्हटलं की कोण ते विचारावं लागत नाही. त्यामुळे गावातल्या बाकी वडीलधाऱ्यांनी दादा, तात्या, आबा असं जे उरलं ते आपसात वाटून घेतलंय. आमच्या गल्लीच्या वाट्याला नाना आले. झेडपीच्या शाळेतून रिटायर, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं (निळं मजकुराला, लाल अधोरेखनाला) आणि काखेत प्लॅस्टिकची फाईल. असे नाना महाराष्ट्रात गावोगाव सापडतील, पण इतर गावांत अर्ज करणारा माणूस म्हणजे डोक्याला ताप. आमच्याकडे ती परंपरा आहे. 2003 च्या ऑगस्टमध्ये अण्णांनी माहितीच्या अधिकारासाठी मुंबईला आझाद मैदानावर उपोषण केलं, तेव्हा नाना मांडवात होते. उपाशी नव्हते, पण मांडवात होते. दोन वर्षांनी देशभराचा कायदा आला आणि निवृत्तीनंतर वेळ कसा जाणार हा नानांचा प्रश्न संसदेनं परस्पर सोडवला.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नाना माझं बांधलेलं गिऱ्हाईक. कोण कोणाविरुद्ध काय लिहितंय हे झेरॉक्सवाल्याला पोस्टमनच्या आधी कळतं, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

तर नानांचा घरचा फोन मेला.

आता आजकाल घरचा फोन मेला म्हणजे काय मोठंसं झालं, असं तुम्ही म्हणाल. नानांच्या सुनेनंही तेच म्हटलं. पण हा फोन साधा नव्हता. नव्वदीच्या दशकात तो बसला तेव्हा गल्लीतला एकटाच होता. आमच्या पारनेर तालुक्यातली कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला. त्यांचे निरोप या फोनवर यायचे. कुणाची बाळंतीण सुटली, कुणाचे पाहुणे शनिवारी बघायला येणार, कुणाची मनिऑर्डर निघाली, सगळं आधी नानांना कळायचं आणि मग ज्याचं त्याला. लग्नपत्रिकेवर लोक खुशाल नानांचा नंबर छापून पुढं 'पी.पी.' लिहायचे. त्यातल्या निम्म्या लग्नांना नानांना बोलावणं नसायचं, पण वराकडच्यांचे फोन मात्र तेच घ्यायचे. फोनवर क्रोशाचा रुमाल, डायलला बारकं कुलूप, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. पुढं घराघरात मोबाइल आले, कुलूप गंजलं, निरोप बंद झाले. नानांनी फोन सोडला नाही. 02488 हा पारनेरचा कोड मागं लागला की माणसाला पत्ता असतो, मोबाइलवाला काय कुठंही उभा राहून बोलतो, हे त्यांचं मत. नातवासाठी त्याच तारेवर ब्रॉडबँड घेतलं, तेही 'फोनला जोडधंदा' म्हणून.

मग एका पावसाळ्यात रिसीव्हर उचलला तर आत नुसती शांतता. डायल टोन नाही, खरखरही नाही. नानांनी तीनदा 'हॅलो' म्हटलं, सवयीनं चौथ्यांदा 'कोण बोलतंय' असंही विचारलं. आणि आतल्या खोलीत नातू त्याच तारेवर क्रिकेटची मॅच बघत होता. थोडी अडकत होती, पण चालू होती.

इथून पुढं नानांची जी अवस्था झाली ती समजून घ्यायला हवी. पूर्ण बंद फोनची तक्रार कोणीही करू शकतं. पण एकाच तारेवर एक वस्तू मेलेली आणि दुसरी जिवंत, हे लिहायचं कसं?

नानांनी मोबाइलवरून तक्रार केंद्राला फोन लावला. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर नाना मला साक्षीदार करतील. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आपकी लाइन तो चालू दिखा रही है।" नाना राष्ट्रभाषेच्या परीक्षा पास झालेले. ते म्हणाले, "महोदया, दूरध्वनि मृतावस्था में है, केवल अंतर्जाल श्वास ले रहा है।" पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, मोडेम बंद करून चालू करा. नानांनी केला. नातू ओरडला. मोडेम चालू झाला, तिकडच्या यंत्रानं त्याला हाक मारली, यानं ओ दिली, आणि संध्याकाळी मेसेज आला: आपली तक्रार दूर करण्यात आली आहे. नानांनी मेसेजचा फोटो काढून माझ्याकडे प्रिंट मारली आणि 'दूर' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. पुन्हा तक्रार, पुन्हा मोडेम, पुन्हा 'दूर'.

आमचा लाइनमन भला माणूस. कंत्राटी आहे, पगार कधी होतो ते त्यालाही माहीत नसतं, पण मोटारसायकलवरून येतो, कमरेला पक्कड आणि टेस्टचा फोन. त्यानं येऊन खांबावरचा डबा उघडला. आधी पाल निघाली, मग मुंग्या, मग हिरवा झालेला जोड. त्यानं तो नुसता बघितला आणि खाली उतरून नानांना म्हणाला, "नाना, आपला पाझर तलाव बघा. त्याला पाट असतो का?"

"नाही."

"पण खालच्या विहिरीला पाणी?"

"असतं."

"तसंच झालंय. तुमचा फोन पाटावर हाय, नातवाचं नेट पाझरावर."

चारशे-साडेचारशे मिलिमीटर पावसावर ज्या गावानं नाला बांध घालून आणि पाझर तलाव बांधून विहिरी भरल्या, त्या गावात यापेक्षा चांगला खुलासा कुठला इंजिनिअर देणार? मी नंतर वाचून बघितलं तर तो शब्दशः बरोबर निघाला. बोलायच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्टचा सरळ प्रवाह लागतो. म्हणून तर वीज गेली तरी जुना फोन चालायचा. रिसीव्हर उचलला की दोन्ही तारांचं कडं पुरं होतं, प्रवाह वाहतो, एक्स्चेंजला कळतं की माणूस बोलायला आलाय, आणि ते डायल टोन सोडतं. जोड कुजून मध्ये केसाएवढी फट पडली की हा प्रवाह अडलाच. माणसाचा आवाज 300 ते 3400 हर्ट्‌झमधला, पण त्याला बोलायची परवानगी या प्रवाहानं द्यायची. ब्रॉडबँड मात्र त्याच्या कितीतरी वर, 25 हजार हर्ट्‌झच्या पुढं थरथरत असतं. इतकी जलद थरथर बारीक फट ओलांडून झिरपते. वेग मार खातो, पण मोडेमचा दिवा लागतो. आणि कंपनीच्या यंत्राला दिवाच दिसतो.

नानांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मग तार मेली म्हणायची का जिवंत?"

"अर्धी."

"अर्जात अर्धी चालत नाही."

जोड तिथल्या तिथं बदलता आला असता. पण एक तर लाइनमनला वरून आलेलं तिकीट लागतं, आणि तिकीट तर 'दूर' झालेलं. दुसरं म्हणजे घर. नातवाचा क्लास त्या तारेवर, सुनेच्या मालिका त्या तारेवर, चिंचवडच्या मुलाचा व्हिडिओ कॉलही तिच्यावर. सुनेनं दारातूनच निकाल दिला: "फोन दुरुस्त करायचा तेवढा करा, वायरला हात लावायचा नाही." ग्रामसभेत नानांनी मोठमोठ्या ठरावांना उपसूचना दिल्या आहेत, या ठरावाला देता आली नाही.

मग फाईल उघडली गेली. फोन तीन दिवसांहून जास्त बंद राहिला तर सात दिवसांचं भाडं माफ, सात दिवसांहून जास्त तर पंधरा दिवसांचं, पंधराहून जास्त तर महिन्याचं, ही दूरसंचार नियामक ट्रायच्या तेव्हाच्या, 2009 च्या नियमांतली चढती भाजणी नानांना तोंडपाठ. रक्कम किती? एका वेळच्या भजी-चहाची. पण नाना म्हणाले, पैशाचा प्रश्न नाही, नोंदीचा आहे. भाडं माफ व्हायला फोन बंद होता अशी नोंद पाहिजे, आणि नोंदीत तर तो ठणठणीत. कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं अपील गेलं. त्याचा निकाल 39 दिवसांत लागला पाहिजे हे अपिलातच लाल पेनानं लिहिलं. त्यावर उत्तर काय यावं? तक्रारीतला जिल्हा आणि अपिलातला जिल्हा जुळत नाही. तक्रार केली तेव्हा आम्ही अहमदनगर जिल्ह्यात होतो. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि नाना कायदा पाळणारे असल्यामुळे त्यांनी अपिलात नवं नाव घातलं. फोन जागेवर, नाना जागेवर, जिल्हा तेवढा सरकला. नामांतराच्या राजपत्राच्या तीन झेरॉक्स मी काढल्या. धंदा म्हणून मला वाईट वाटलं नाही.

शिवाय रस्त्याच्या कडेची चारी खोदताना तारेला धक्का बसला असावा, असा नानांचा संशय. त्यासाठी एका सरकारी कार्यालयाला माहिती अधिकाराचा अर्ज. जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमात अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, आणि नानांचं पहिलंच वाक्य तेवढं होतं. मी म्हटलं, नाना, मध्ये कुठंतरी पूर्णविराम द्या. ते म्हणाले, पूर्णविराम दिला की तिथं पळवाट काढतात. तिसाव्या दिवशी उत्तर आलं की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. कलम 6(3) प्रमाणे असा अर्ज पाच दिवसांत योग्य त्या कार्यालयाकडं पाठवायचा असतो, हे नानांनी पहिल्या अपिलात त्यांना शिकवलं. मास्तरकी जात नाही.

ग्राहक मंचाचाही विचार झाला. 2009 साली सर्वोच्च न्यायालयानं टेलिफोनचे वाद 1885 च्या तार कायद्यातल्या लवादाकडं न्यावेत, ग्राहक मंचाकडं नाही, असं म्हटलं होतं. 2022 साली त्याच न्यायालयानं मंचाचं दार मोकळं केलं. हे नानांनी मला इतक्या आनंदानं सांगितलं की मला वाटलं फोन सुरू झाला.

नोव्हेंबर आला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत रांग लावून 'मी जिवंत आहे' असं सांगावं लागायचं. आता चेहरा दाखवून घरूनही जमतं. नातवानं मोबाइल समोर धरला, नानांनी टोपी काढली, यंत्रानं सांगितलं तशी पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. घरच्या वायफायवरून, म्हणजे त्याच कुजक्या जोडातून झिरपत, नाना दिल्लीला पोचले आणि जिवंत ठरले. नंबर आला. नाना खूश झाले, मग एकदम गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "मी जिवंत आहे हे सरकारला या तारेवरून पटलं. तार मेलीय हे कुठल्या तारेवरून पटवू?"

त्यावर कोणाकडंच उत्तर नव्हतं. मी डिजिटल दाखल्याची प्रिंट काढून दिली. ती त्यांनी फोनच्या फाईलला लावली, 'तुलनेसाठी' असं लिहून.

आणि मग एका दुपारी लाइनमन शेजारच्यांच्या तक्रारीवर आला होता, खांबावर चढलाच होता, तर त्यानं नानांचाही जोड बदलून टाकला. जुना कापला, जेली भरलेला नवा बसवला. पाच मिनिटं. नाना तेव्हा जेवून आडवे झाले होते. जाग आली ती नातवाच्या ओरडण्यानं. नेटचा वेग वाढला होता. इतके महिने ज्याच्या क्लासपायी तारेला हात लावता आला नाही तो पोरगा लाइनमनला सरबत द्या म्हणून आत सांगत होता. नानांनी रिसीव्हर उचलला. डायल टोन होता, भरदार, अखंड.

नाना रिसीव्हर तसाच ठेवून बाहेर आले आणि लाइनमनवर कडाडले, "कुणाला विचारून केलंस?"

"नाना, चालू करून दिला की."

"पंचनामा न करता हात लावलास! अपील चालू आहे. आता फोन बंद होता हे मी सिद्ध कशावर करू?"

"मी सांगतो ना साहेबाला."

"तोंडी नको. लिहून दे. मयत कधी, कारण काय, कुणी पाहिलं."

लाइनमननं माझ्याकडं बघितलं. मी दुकानात गिऱ्हाईक असल्यासारखं केलं. शेवटी त्यानं नानांच्याच निळ्या पेनानं, नानांनीच सांगितलेला मजकूर लिहिला आणि सही केली. "शिक्का?" नानांनी विचारलं. शिक्का साहेबाकडं, साहेब नगरला. नानांनी मान डोलावली. त्यांना पुढचा अर्ज दिसायला लागला होता. मग खांबाखाली पडलेला जुना हिरवा जोड त्यांनी चिमटीत उचलला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि त्याच्याबरोबर लाइनमनची पक्कडही घातली.

"नाना, जोड ठेवा. पक्कड माझी हाय."

"हत्यार आहे. मुद्देमालात येतं."

अर्ध्या तासानं तडजोड झाली. पक्कड परत मिळाली, जोड नानांकडं राहिला. नाना माझ्या दुकानात आले, पिशवी उलटी करून तो कुजका जोड त्यांनी मशीनच्या काचेवर मधोमध ठेवला आणि म्हणाले, "झेरॉक्स काढ. तीन प्रती. दोन्ही बाजूंनी."