पहिला मान चिकनचा

मराठी माणूस वाचत नाही, ही तक्रार आता मागे घ्यायला हरकत नाही. तो वाचतो, बारकाईने वाचतो, चष्मा कपाळावर चढवून आणि मोबाइलचा टॉर्च लावून वाचतो. फक्त वाचनाचा विषय बदलला आहे. कुत्र्याच्या कोरड्या खाद्याच्या पिशवीची मागची बाजू हे सध्या शहरी मध्यमवर्गाचं आवडतं वाङ्मय आहे. घरच्या फरसाणाच्या पाकिटावर पामतेल कितवं लिहिलंय हे ज्यांनी जन्मात पाहिलं नाही, ते पिशवीवर मका कितवा आहे यावरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हातघाईवर येतात. वाचनाच्या छंदाला नावं ठेवण्याचं कारण नाही. अडचण एवढीच की ही मंडळी पिशवीवरचा नेमका नको तो मजकूर वाचतात. घटकांची यादी मालकाला खूश करण्यासाठी रचलेली असते. तिच्यावरून कुत्र्याचं पोषण ठरवणं म्हणजे लग्नपत्रिकेतली नावं वाचून पंगतीतलं जेवण कसं होतं ते सांगणं.

आयात पिशव्यांवर, आणि त्यांच्याकडे पाहून छापलेल्या बऱ्याच देशी पिशव्यांवर, जी भाषा दिसते तिचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची संघटना आहे, असोसिएशन ऑफ अमेरिकन फीड कंट्रोल ऑफिशियल्स, म्हणजे ‘आफ्को’. ती स्वतः कुठल्याही खाद्याला मान्यता देत नाही, नमुना नियम बनवते. त्यातला एक नियम असा की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि वजन धरायचं ते शिजवण्यापूर्वीचं. सगळी मौज इथेच आहे. शंभर किलो मिश्रण घ्या. त्यात वीस किलो ताजं चिकन, अठरा किलो तांदूळ, सतरा किलो मका, पंधरा किलो मक्याचं ग्लुटेन, बाकी किरकोळ. यादीत चिकन पहिलं येणार आणि पिशवीच्या दर्शनी बाजूवर मोठ्या टायपात झळकणार. पण ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्के पाणी. यंत्रातून भाजून-फुगवून दाणा बाहेर पडतो तोवर ते उडून जातं आणि वीस किलोंतले जेमतेम सहा किलो मागे राहतात. अठरा किलो तांदळाचे मात्र पंधरा-सोळा किलो शाबूत. म्हणजे पहिला मान चिकनने नव्हे, पाण्याने पटकावला. शिवाय मका आणि त्याचं ग्लुटेन एकाच कणसातून आलेले असूनही यादीत वेगवेगळ्या ओळींवर बसलेत. बेरीज केली तर बत्तीस किलो, पण यादीत बेरीज करायची पद्धत नाही. यात कुणी खोटं बोललेलं नाही. नियम पाळूनच ही किमया साधते. उलट ज्या ‘चिकन मील’ला ग्राहक नाक मुरडतो ते पाणी आणि बरीचशी चरबी काढून टाकलेलं चिकनच असतं आणि वजनात त्याची सुमारे पासष्ट टक्के प्रथिनं भरतात. चौथ्या क्रमांकावरचं मील पहिल्या क्रमांकावरच्या ताज्या चिकनपेक्षा कुत्र्याला जास्त प्रथिनं देऊ शकतं, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

यादीच्या शेपटाकडेही एकदा बघावं. तिथे क्रॅनबेरी, ब्लूबेरी, पालक, रोझमेरी अशी बरीच प्रतिष्ठित मंडळी असतात. बहुतेकदा ती मिठाच्या खाली असतात, आणि मीठ स्वतःच एखाद्या टक्क्याच्या आसपास. कुत्र्याच्या वाट्याला येणारी ब्लूबेरी ही मुख्यतः छापील ब्लूबेरी असते.

सगळ्यात जास्त किळस असते ती ‘बाय-प्रॉडक्ट’ची. आफ्कोच्या व्याख्येनुसार मांसाच्या बाय-प्रॉडक्टमध्ये फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू, यकृत, रक्त, हाडं आणि आतला मळ काढून स्वच्छ केलेलं जठर-आतडं वगैरे येतं. केस, शिंगं, दात, खूर त्यात बसत नाहीत. आता हीच यादी रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभं राहून वाचा. कलेजी, गुर्दा, भेजा, वजरी, रक्ती. लोक त्यासाठी लवकर उठतात, ओळखीच्या खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवतात, आणि वजरी नीट साफ होते की नाही यावर घराणी जोखतात. तेच कुत्र्याच्या दाण्यात निघालं की ‘कचरा घालतात हो’. यकृत कुत्र्याच्या दृष्टीने अ जीवनसत्त्व, लोह आणि तांब्याची खाण आहे. मालकाच्या दृष्टीने मात्र ते इंग्रजीत लिहिलं की कचरा.

यावर शहाणे लोक म्हणतात, यादी सोडा, आम्ही प्रथिनांचा आकडा पाहतो, आकडा खोटं बोलत नाही. आकडा खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला जे विचारलं जातं त्याचंच उत्तर तो देतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. नायट्रोजन मोजायचा, ६.२५ ने गुणायचं, ‘क्रूड प्रोटीन’ तयार. या पद्धतीला नायट्रोजन डाळीतून आला की चामड्यातून, याचं सोयरसुतक नाही. मार्च २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे कोट्यवधी डबे आणि पाकिटं बाजारातून परत मागवावी लागली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं, ज्याच्या प्लेटा आपल्या फडताळात असतात आणि ज्याचा थर आपल्या सनमायकावर असतो. वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असल्यामुळे त्याने प्रथिनांचा आकडा झकास वाढवला. जनावरांची मूत्रपिंडं निकामी झाली. पिशवीवर त्या वेळी काय लिहिलं होतं? ‘व्हीट ग्लुटेन’. यादी वाचून कुणाला काय कळणार होतं? शिवाय दोन खाद्यांची तुलना करायची तर ओलावा वजा करावा लागतो. दहा टक्के ओलावा असलेल्या दाण्यातली २४ टक्के प्रथिनं म्हणजे कोरड्या वजनावर पावणेसत्तावीस. ७८ टक्के ओलावा असलेल्या डब्यातली ९ टक्के म्हणजे एकेचाळीसच्या घरात. हा भागाकार सातवीच्या गणितातला आहे, पण ग्रुपवर आकडे येतात ते भागाकाराविनाच.

दुसरा आक्षेप लांडग्याचा. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडगा शेती करत नाही, म्हणून धान्य वर्ज्य आणि ‘ग्रेन-फ्री’ पिशवी दुप्पट भावाने घेणं हे धर्मकर्तव्य. सोफ्यावर एसीत झोपणाऱ्या पगला हा वंशवृक्ष ऐकवला तर तोही कूस बदलेल. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं की पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उकिरड्याशेजारी काढलेल्या हजारो वर्षांची ती कमाई. धान्य काढलं तरी दाणा बांधायला पीठ लागतंच, म्हणून त्याजागी वाटाणा, मसूर, बटाटा आला. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने अशा आहाराचा आणि कुत्र्यांच्या हृदयाचे स्नायू सैलावण्याच्या आजाराचा संबंध तपासायला घेतला. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी नुसत्या तक्रारींवरून ते सिद्ध होणारही नाही असं सांगून टाकलं. तेव्हा वाटाण्याला फाशी नको. पण धान्य काढून टाकण्याचा फायदा तरी कुठे सिद्ध झालाय?

मग घरचंच घालावं, असा तिसरा सूर निघतो, आणि तो जरा गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्यामागे माया आहे. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. नुसतं उकडलेलं चिकन आणि भात वाढत्या पिल्लाला घातला तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाही, मग शरीर ते हाडांतून उपसतं. माया कॅल्शियमची भरपाई करत नाही. पशु-आहारतज्ज्ञाकडून सूत्र बांधून घेतलं आणि ते काट्यावर तोलून पाळलं तर घरचं अन्न उत्तम. तोलणारे किती, ते आपापल्या स्वयंपाकघराला विचारावं.

तर वाचायचं काय? पिशवीच्या कोपऱ्यात सर्वांत रटाळ, सर्वांत बारीक टायपात एक वाक्य असतं, ते. हे खाद्य कुठल्या वयाच्या कुत्र्यासाठी ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे, आणि ते कशावरून, कागदावरच्या हिशेबावरून की प्रत्यक्ष खाऊ घालून. आफ्कोच्या हिशेबात प्रौढ कुत्र्याला कोरड्या वजनावर किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, पिल्लाला साडेबावीस. खाऊ घालण्याच्या चाचणीचाही फार बडेजाव नको. प्रौढांसाठी आठ कुत्री, सव्वीस आठवडे, त्यातली सहा शेवटपर्यंत टिकली आणि वजन व रक्ताच्या चार तपासण्या बऱ्या आल्या की पास. तरीही पहिल्या क्रमांकावरच्या चिकनपेक्षा हा पुरावा मोठा, कारण इथे निदान कुणीतरी खाल्लं.

त्यापुढचे प्रश्न पिशवीवर छापलेच जात नाहीत. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत मक्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन एका कोरड्या खाद्यात उतरलं आणि शंभरावर कुत्री दगावल्याची नोंद झाली. त्याआधी २०१८ मध्ये काही कोरड्या खाद्यांत ड जीवनसत्त्व विषारी प्रमाणात निघालं. दोन्ही वेळा यादी निष्कलंक, मका आणि ड जीवनसत्त्व, दोन्ही सज्जन घटक. म्हणून जागतिक लघुपशुवैद्यक संघटना ‘वसावा’ मालकांना कंपनीकडे विचारायला सांगते, तुमच्याकडे आहारतज्ज्ञ आहे का, सूत्र कोण बांधतो, माल कुठल्या कारखान्यात बनतो, तपासणी काय होते. आपल्याकडे हे विचारणं अधिकच गरजेचं, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलंय. पण असा फोन करायला वेळ लागतो आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकता येत नाही.

राहता राहिल्या कॅलरी. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण तीनशे ते साडेतीनशे किलोकॅलरी पुरतात. एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसेक. धान्याचा कणही नसलेली पिशवी निवडण्यासाठी आठवडाभर अभ्यास करणाऱ्या घरात संध्याकाळी चहा होतो तेव्हा टीपॉयखालून दोन डोळे वर बघतात आणि घरातला प्रत्येकजण एकेक बिस्किट देतो. चौघांची मिळून शंभर झाली, म्हणजे दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि त्या पाकिटामागचा पहिला घटक गव्हाचं पीठ, मग साखर. ती यादी अजून कुणी वाचलेली नाही.