पहिल्या चावीत सल्लागार

जानेवारीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की जुनी डिझेल जीप सुरू होत नाही, पण गल्लीतले सल्लागार पहिल्या चावीत सुरू होतात. एक म्हणतो, डिझेल गोठलं. (ते लेहला हो! तिथं २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल विकतात.) दुसरा स्पार्क प्लग पुसायला सांगतो. डिझेल इंजिनात तो नसतोच. तिथं हवा दाबून तापते, तिच्यात डिझेल पेटतं. गार इंजिनाला ऊब द्यायला हीटर प्लग असतात, ते कधीचे जळालेले. बॅटरी मलूल, स्टार्टर कण्हतोय. धक्का मारायला या म्हटलं, की सगळ्यांना शेकोटी आठवते. तेव्हा आधी हीटर प्लग बघा, मग बॅटरी. सल्लागारांना चहा पाजून वाटेला लावा.