हातशिलाई दाखवून अवलक्षण

माझी सगळी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत दुसऱ्यांच्या कामातली खोट काढण्यात गेली. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टर. हातात व्हर्नियर आणि खिशात दोन शिक्के, ‘ओके’ आणि ‘रिजेक्ट’. त्यातला ‘ओके’ मी निवृत्त झालो तेव्हाही नवाकोरा होता, असं शॉप फ्लोअरवरची पोरं अजून सांगतात. अशा माणसानं निवृत्तीनंतर बदलापुरात उल्हास नदीच्या बाजूला फेरी मारावी, येताना भाजी आणावी आणि जगाला थोडी विश्रांती द्यावी. तसा माझा बेतही होता. पण भाचीच्या मुलाचं बारसं ठरलं आणि बायकांमध्ये रिटर्न गिफ्टचा विषय निघाला.

आत्या म्हणाली, स्टीलच्या वाट्या द्या. भाची म्हणाली, तुळशीचं रोप देऊ. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणूनच मी बोललो.

“बाजारातल्या वस्तू कोणीही देतं. आपण हातानं शिवलेली टेडी बेअर देऊ. छोटी, अडीच इंचांची. हातपाय हलणारी. मी करतो.”

खोलीत शांतता पसरली. मग बायको म्हणाली, “अहो, तुमच्या शर्टाचं बटण कोण लावतं?”

“बटण लावणं वेगळं,” मी म्हणालो. “हे प्रिसिजन वर्क आहे.”

कापडासाठी उल्हासनगरला जावं, यावर बदलापुरात दुमत होत नाही. मधे फक्त अंबरनाथ, की आलंच उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पण लोक अजून पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच सांगतात. ज्यांचं सगळं मागे राहिलं होतं त्यांनी इथे पापडापासून फर्निचरपर्यंत आणि साडीपासून जीन्सपर्यंत जे दिसेल ते बनवून विकलं. इतकं हुबेहूब, की ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या पिढीनं लोकलमध्ये उभ्याउभ्या ऐकला.

कॅम्प दोनच्या गजानन मार्केटात मी केसाळ कापड मागितलं. “केस आखूड हवेत,” मी बजावलं. लांब केसांच्या कापडाचं अडीच इंची अस्वल केलं तर ते सुरवंट दिसतं, हे मी आधीच अभ्यासून गेलो होतो.

“अंकल, सोफे का चाहिए कि कंबल का?”

“भालू का.”

“कितना मीटर?”

“एक वीत.”

पोरानं मला खालून वर पाहिलं आणि काउंटरखालच्या तुकड्यांच्या गोणीकडे बोट दाखवलं. त्या गोणीत मी दुपार घालवली.

घरी आल्यावर काम झरझर झालं. कागदावर नमुना काढला, कापडाच्या उलट बाजूवर उतरवला, कातरला. बायकोनं मशीनवर टिपा मारून दिल्या. मी चिमट्यानं एकेक हात आणि एकेक पाय उलटवला, आत फायबर ठासलं आणि टेबलावर अवयव ओळीनं मांडून चहा मागवला. नव्वद टक्के काम झालंय, असं जाहीरही केलं.

उरलेल्या दहा टक्क्यांत माझी फजिती दबा धरून बसली होती. कापडाचं कुठलंही खेळणं आतबाहेर करून शिवतात. त्यामुळे ते सुलटं करायला आणि भरायला कुठेतरी एक तोंड उघडं ठेवावंच लागतं. भरून झालं की ते तोंड बाहेरून बंद करायचं. तिथे मशीन चालत नाही. तिथे सुई, दोरा, तुम्ही आणि बघणारे. हलत्या सांध्यांच्या अस्वलाला अशी पाच तोंडं असतात. दोन हातांची, दोन पायांची आणि पाठीचं. मान दोरा ओढून चुणीत आवळता येते, तेवढीच काय ती सूट.

मी पोत्याचं तोंड शिवतात तो टाका घातला, कारण आयुष्यात लक्ष देऊन पाहिलेला तेवढाच होता. बायकोनं अस्वल उचललं, पाठ पाहिली आणि हळहळत विचारलं, “कशाचं ऑपरेशन झालं याचं?”

पुढच्या अस्वलाला मी व्हर्नियर लावला. एक टाका सव्वा मिलिमीटर, शेजारचा तीन, त्याच्या शेजारचा मोजायच्या आतच सुटला. शिवाय पांढऱ्या पाठीवर माझ्या बोटातलं रक्त. कारखान्यात असा माल आला असता तर मी सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावलं असतं. इथे सुपरवायझर मीच होतो आणि केबिन म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल.

त्यात भर म्हणजे माझी टापटीप. शिवणीबाहेर तीन मिलिमीटर माया ठेवायची असते. कडेला लोंबणारं ते कापड मला बघवेना. मी ते कात्रीनं साफ करून टाकलं. उघड्या तोंडाच्या कडा आत दुमडायच्या असतात आणि दुमडण्यासाठीच ती माया असते, हे कळलं तेव्हा दुमडायला काही उरलं नव्हतं. कापडाचे धागे सुटायला लागले. मी टाका घालायचो, पलीकडची कड उसवायची. मी पलीकडे घालायचो, मधून फायबर डोकवायचं. पाठ रुंदावत चालली आणि अस्वल आक्रसत. शेवटी बायकोनं माझ्या जुन्या खणातून ‘रिजेक्ट’चा शिक्का काढला आणि अस्वलाच्या बुडावर उठवला. शाई अजून ओली कशी राहिली, हे तिनं सांगितलं नाही.

माणूस हातानं हरला की वाचनाकडे वळतो. मी टेडी बेअरचा इतिहास काढला. नोव्हेंबर १९०२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले आणि झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर त्यांनी गोळी झाडायचं नाकारलं. क्लिफर्ड बेरीमननं त्यावर व्यंगचित्र काढलं आणि ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिचटम या दुकानदारानं कापडी अस्वल करून त्याला ‘टेडी’ नाव दिलं. त्याच सुमाराला जर्मनीत गिंगेन गावी रिचर्ड श्टाईफ सांध्यांचं अस्वल तयार करत होता. त्याची आत्या मार्गारेटे श्टाईफ लहानपणी पोलिओ होऊन चाकाच्या खुर्चीला खिळलेली, उजवा हात दुबळा, पण शिवणकामात पारंगत. १८८०च्या आसपास तिनं टाचण्या टोचायला फेल्टचा छोटा हत्ती शिवला आणि पोरांनी तो खेळायला पळवला. तिथून कंपनी उभी राहिली. म्हणजे तिनं पिनकुशन केलं आणि त्याचं खेळणं झालं. मी खेळणी करत होतो आणि बायको त्यांना टाचण्या टोचून ठेवत होती.

आणखी एक गोष्ट वाचून मात्र बरं वाटलं. न्यूरेंबर्गच्या शुको कंपनीनं १९२०च्या दशकात बोटाएवढी अस्वलं काढली. काहींच्या पोटात तर अत्तराची कुपी असे. पण त्यांचं अंग आतून पत्र्याचं, वर नुसतं लोकरी कापड. जर्मन इंजिनिअरांनीसुद्धा पत्र्याचा आधार घेतला, हे मी बायकोला मोठ्यांदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग आणा पत्रा.”

सरावाला वेळ पुरेना म्हणून मी लोकलमध्ये शिवायला लागलो. दुपारच्या गाडीत टेकायला जागा मिळते, असा माझा अंदाज होता. तो चुकला. चौथ्या सीटवर अर्धा बाहेर बसून मी अस्वलाचा डावा पाय बंद करत होतो. गाडीनं हिसका दिला, सुई हातातून निसटली आणि मी प्रामाणिकपणे म्हणालो, “सुई पडली.”

समोरचा बाक उठला. माझा बाक उठला. खिडकीशी घोरणारे गृहस्थ झोपेतच उठले. बदलापूर लोकलमध्ये सहा माणसं एका वाक्यात जागा सोडतात, हा चमत्कार मी याचि डोळा पाहिला. सुई माझ्याच बाहीला लोंबत होती. ती सापडल्याचं मी अंबरनाथ येईपर्यंत कुणाला सांगितलं नाही आणि ऐसपैस बसून गेलो.

अंबरनाथला उतरलो ते शिवमंदिराकडे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं देऊळ. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो, हात जोडले आणि वर पाहिलं. वर आकाश. शिखर अर्ध्यावर थांबलेलं, गाभारा उघडा. एवढ्या नक्षीकामाच्या देवळात शेवटचं तोंड बंद करायचं राहिलंय, हे पाहून मला देवापेक्षा त्या कारागिरांचाच जास्त आधार वाटला.

खरा गुरू भेटला तो पुन्हा उल्हासनगरलाच. शिवणसामानाच्या एका दुकानात बारीक सुया मागत होतो. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे माहीत नसल्यानं आतापर्यंत मी दाभणाच्या धाकट्या भावाशी झुंजत होतो. दुकानाच्या मागच्या बाजूला मालकाची आई रल्ली शिवत बसलेली. ही सिंधी लोकांची गोधडी, तुकड्यावर तुकडा आणि त्यावर टाक्यांच्या ओळी. ऐंशी कधीच ओलांडलेली म्हातारी. लहानपणी बराकीत आलेली. तिनं माझ्या हातातलं अस्वल मागून घेतलं.

“पुट, ये भालू है कि समोसा?”

साठी उलटलेल्या मला कुणीतरी ‘पुट’ म्हटलं, म्हणून मी समोसा सोडून दिला.

तिनं पाठ उसवली आणि नव्यानं दाखवली. आधी तोंडाशी ठासलेलं फायबर थोडं कमी केलं. कडा फुगलेल्या असतील तर त्या भेटणार कशा? मग दोन्हीकडची माया आत दुमडून नखानं दाबली, घडी उमटेपर्यंत. दोऱ्याची गाठ आतल्या बाजूला. सुई एका घडीच्या आतून मिलिमीटर-दीड मिलिमीटर चालवून बाहेर काढली आणि बरोबर समोर, दुसऱ्या घडीत घातली. तिथेही तेवढीच आतून चालवली. परत समोर. वर फक्त आडवे दोरे दिसत होते, शिडीच्या पायऱ्यांसारखे सरळ. पायरी तिरकी गेली की शिवण तिरकी बसते. चार-पाच टाके सैल ठेवून मग तिनं दोरा हलकेच ओढला, शिवणीच्याच दिशेनं. पायऱ्या आत गेल्या. दोन्ही घड्या एकमेकींना चिकटल्या. मी पाहत होतो तरी टाका कुठे गेला ते कळलं नाही.

शेवटी तिनं बारीक गाठ मारली, सुई पोटातून आरपार नेऊन भलतीकडे काढली, दोरा ताणून कापला. टोक झप्पकन आत. मग सुईच्या टोकानं शिवणीत अडकलेले केस एकेक सोडवले आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

मी करून दाखवलं. तिनं माझा हात धरला. “इतना खींचता क्यों है? फाँसी दे रहा है क्या?” प्रत्येक टाका ओढला की चुण्या पडतात. मुळीच ओढला नाही की दात दिसतात. ओढायचा तो तीन-चार टाक्यांनी एकदा. दोरा कापडापेक्षा किंचित गडद, कारण शिवण नेहमी सावलीत असते.

“अम्मा, पण मग हे शिवलंय ते लोकांना दिसणार कसं?” मी माझ्या हिंदीत विचारलं.

ती हसली. “दिखाने का शौक है तो कढ़ाई कर.”

घरी आलो आणि बसलो. माया शाबूत ठेवून नवीन तुकडे कातरले. कडांना पातळ गोंदाचा हात दिला, धागे सुटू नयेत म्हणून. आणि बारशाच्या आदल्या रात्री एक अस्वल असं झालं, की भिंग लावूनही मला पाठ उघडी कुठे होती ते सापडेना. नोकरीत कधी न आलेला प्रसंग होता. मी बायकोला उठवलं. “शिवण शोध.” ती म्हणाली, “दिसत नाही. झोपा.” सकाळी दूधवाल्याला म्हणालो, “शिवण शोधून दाखव.” त्यानं अस्वलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या महिन्याचे पैसे मागितले.

बारशाला पाहुण्यांना अर्थातच स्टीलच्या वाट्या दिल्या. माझी अस्वलं पाळण्याजवळच्या ताटात, घुगऱ्यांशेजारी मांडली होती. शिक्क्याचं सोडून सगळी. बायका पाळण्याकडे यायच्या आणि ताटाशी थांबायच्या. फाटक्या पाठीची, पोत्याच्या टाक्याची, मान वाकडी झालेली अस्वलं हातोहात फिरत होती. “घरचं काम आहे हो, कळतंच!” “टाक्याटाक्यात जीव ओतलाय काकांनी!” एका वहिनींनी तर रक्ताच्या डागाचं अस्वल मागूनच घेतलं. त्यांना तो डाग म्हणजे डिझाइन वाटला.

बिनशिवणीचं अस्वल ताटात एकटं उरलं. मी ते हळूच पुढे सरकवलं. आत्यानं उचललं, चष्मा लावला, उलटं केलं, पाठीवरून बोट फिरवलं. मी श्वास रोखला.

“हे मात्र विकतचं दिसतंय,” आत्या म्हणाली. “कितीला पडलं रे?”

काय बोलावं ते सुचेना. रागाच्या भरात तोंडातून निघालं, “दीडशे.”

“दीडशे?” आत्यानं अस्वल ताटात टाकलं. “अरे, गजानन मार्केटात साठाला देतात! दोन घेतली तर शंभरात.”

“त्यांना भाव करता येत नाही हो, आत्या,” बायको घुगऱ्या वाढता वाढता म्हणाली.

“पुढच्या वेळी,” आत्यानं मला बजावलं, “जाशील तेव्हा मला घेऊन जा.”