संमार्जनाचा संचालक

प्रथम भांडवल, मग माणसे आणि सरतेशेवटी पाटी, असा धंद्याचा क्रम व्यवहारकुशल लोक सांगतात. परंतु पस्तीस वर्षे ज्याने सरकारी दप्तरात टिपणे लिहिण्यात घालवली त्याच्या हातून आरंभ पाटीपासूनच व्हायचा. घरोघरच्या साफसफाईची कामे घेण्याचा माझा संकल्प पक्का झाला त्याच दिवशी मी पाचशे व्हिजिटिंग कार्डांचा मसुदा लिहायला घेतला. नाव ठरवण्यास तीन आठवडे लागले. ‘स्वच्छता’ हा शब्द सरकारने वापरून झिजवलेला, ‘निर्मल’ साबणाच्या वडीसारखा हातातून निसटणारा. म्हणून शब्दकोश धुंडाळून मी ‘संमार्जन’ हा भारदस्त शब्द निवडला आणि त्याखाली स्वतःचे नाव व ‘संचालक’ हा हुद्दा छापवून घेतला. “लोकांना वाटेल, तुम्ही श्राद्धाचं सामान पुरवता,” एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या. त्या वेळी संचालकांच्या मालकीची एक केरसुणीही नव्हती, आणि खरे सांगायचे तर हयातीत त्यांनी ती हाती धरलेलीही नव्हती.

सरकारदरबारी मात्र माझा फार मोठा हिरमोड झाला. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवणाऱ्या मला, आता आपलाही अर्ज कोणी निदान दोनदा तरी परत पाठवील, मग आपण त्यास नियम दाखवू, मामला साहेबांपर्यंत जाईल, अशी गोड आशा होती; त्यासाठी दाखल्यांची जाडजूड फाईल मी फितीने बांधून सज्ज ठेवली होती. परंतु 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहांहून कमी कामगारांच्या आस्थापनेस नोंदणीतून मोकळे करून टाकलेले. धंदा सुरू केल्याची नुसती सूचना संगणकावरून धाडायची, की पावती हजर! ना शिक्का, ना मोर्तब, ना ‘उद्या या’. वस्तू व सेवा कराची नोंदणीही सेवांच्या बाबतीत वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेल्याखेरीज सक्तीची नाही. ती मर्यादा पहिल्याच वर्षी ओलांडली तर काय, या चिंतेत मी एक रात्र जागून काढली.

मग साधनसामग्रीसाठी मंडईकडे गेलो. येथे वाचकांची क्षमा मागून थोडे विषयांतर करतो, कारण केरसुणीविषयी मला जे ज्ञान झाले ते पोटात ठेवून मरणे पाप होईल. शिंदीच्या पानांची ती केरसुणी, नारळाच्या हिरांचा तो खराटा, आणि मेघालयाकडच्या डोंगरउतारांवरील गवताच्या तुऱ्यांचा तो फूलझाडू. पहिली घरातली, दुसरा अंगणातला, आणि तिसरा गुळगुळीत फरश्यांच्या मागोमाग घरात शिरलेला परप्रांतीय जावई. तिला पाय लागू नये, ती उभी ठेवू नये, दिवेलागणीला केर काढू नये, अशी केरसुणीची आचारसंहिता एखाद्या संस्थानिकाच्या दरबाराहून कडक. उभ्या केरसुणीने घरात भांडणे होतात म्हणतात. माझा अनुभव असा की आडव्या केरसुणीनेही होतात, आणि ती हाती कोणी धरावी या एकाच प्रश्नावर होतात. तिला वळण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या मातंग कारागिरांनी सांभाळली. आणि ज्यांच्या हातची ही लक्ष्मी आश्विन अमावास्येला हळदकुंकू वाहून आम्ही पाटावर बसवतो, त्यांना त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभे ठेवण्याचा शिरस्ताही आम्हीच पाळला. व्हॅक्यूम क्लीनरला असला कोणताच इतिहास नाही. त्याला पाय लागला तर कळवळतो आपणच. मी तोही एक घेतला. लक्ष्मीपूजनाला त्याचे कोणते उपचार करावे, हे अद्याप ठरायचे आहे.

उरली माणसे. त्यासाठी मी आमच्या मावशींना पाचारण केले, म्हणजे मोरीवरून हाक मारून बोलावले. बावीस वर्षे त्या आमच्याकडे धुणेभांडी आणि केरफरशी करतात. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला काका म्हणतात. या नात्याची वंशावळ कोणत्याही कुळकर्ण्याला जुळवता यायची नाही. मी त्यांना दरपत्रक वाचून दाखवले: दोन खोल्यांच्या घरास पंधराशे, पैकी काम करणारणीस चारशे, फिनेल वगैरेंस शंभर, बाकी संचालकास.

“ते हजार कशाचे, काका?”

“संचालनाचे.”

“म्हणजे तुम्ही काय करणार?”

मी त्यांच्या हाती कार्ड दिले. त्यांनी ते वाचले, उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती.

पहिले काम शेजारच्या इमारतीत मिळाले. संचालकाने प्रत्यक्ष कार्यस्थळी हजर राहावे अशा उदात्त हेतूने मी गेलो आणि ओट्यावरचे चिवट डाग पाहून संडासात घालायच्या ॲसिडची बाटली उचलली. “काका, कडप्पा आहे तो,” मावशी म्हणाल्या. मी त्यांना शास्त्रीय पद्धतीवर चार वाक्ये ऐकवली आणि बाटली तिरपी केली. कडप्पा हा मुळात चुनखडकच; ॲसिड पडताच फसफसतो आणि काळाभोर ओटा कोड उठल्यासारखा पांढुरका होतो, हे शास्त्र मला नव्हे, मावशींना ठाऊक होते. त्यांनी मला बाजूला सारून भरपूर पाणी ओतले, ओटा कोरडा केला, आणि फडक्यावर खोबरेल घेऊन तासभर तो भाग चोळत राहिल्या. मी दाराशी फाईल धरून उभा होतो.

त्या रात्री प्रायश्चित्त म्हणून मी आदर्श करारनामा लिहावयास बसलो. ‘कर्मचाऱ्यास आठवड्यातून एक दिवस भरपगारी रजा’ हे तिसरे कलम लिहिताना मला स्वतःच्या औदार्याचे भरते आले. आकडेमोडीसाठी जुनी रोजनिशी उघडली, तर पानोपानी माझ्याच वळणदार अक्षरात, तांबड्या शाईने: ‘मावशी – खाडा’. मी घरी राहिलो की ती रजा. किरकोळ, अर्जित, वैद्यकीय, तिला किती गोंडस नावे! मावशी आल्या नाहीत की तो खाडा. एका नोंदीपुढे कंसात ‘मुलीचे बाळंतपण’ असे लिहून मी दोन दिवसांचे पैसे कापले होते. 2008 साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला तेव्हा त्याचे कात्रण मी फाईलला लावले. मावशींना सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना कलमे वाचून दाखवली. तेव्हा त्यांनी सहज सांगितले की 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला त्यात त्यांची आई होती. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. त्या संपाच्या बाजूने वक्तृत्व स्पर्धेत बोलून मी दुसरा क्रमांक पटकावला होता, आणि संप चालला तितके दिवस आमच्या घरची भांडी माझी आई घासत होती. हे मी मावशींना सांगितले नाही. बोलायला तोंडच नव्हते.

हल्ली व्यवस्था अशी आहे. दर मावशी ठरवतात, घरे त्या पाहतात, बरोबरच्या दोघी त्यांच्याच ओळखीच्या. मी पावत्या फाडतो आणि जमाखर्च लिहितो. त्याचा मेहनताना दर घरामागे पन्नास रुपये ठरला आहे आणि तो वेळेवर मिळतो. व्हॅक्यूम क्लीनर माळ्यावर आहे. कार्डे अद्याप साडेचारशेहून अधिक शिल्लक असून त्यांची कोरी बाजू वाणसामानाच्या याद्यांना फार सोयीची पडते.

कोणास घर साफ करून घ्यावयाचे असल्यास अवश्य कळवावे. रविवारी मात्र फोन करू नये. त्या दिवशी मावशींची रजा असते.