विहिरीवरचे आबा

दौंड-शिरूर पट्ट्यात जुन्या विहिरीपाशी गाडी उभी करून नुसतं आत डोकावलं, की कुठून तरी आबा येतात. बाभळीखालून येतील, उसातून येतील, टपरीवरचा अर्धा चहा टाकूनही येतील. आपण त्यांना बोलावलेलं नसतं. टोपी कपाळावर ओढत ते पहिलं वाक्य टाकतात, "चपला काढून उतरा, जागा कडक हाय." दुसरं वाक्य, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. पुण्याचे म्हटलं तर पाऊण तास मिळतो. शेजारच्या गावचे म्हटलं तर आबा विषय बदलून पावसापाण्याचं बोलू लागतात. का, ते पुढे येईलच.

असे आबा गावोगाव एक तरी असतात. विहीर कुणी बांधली, याला त्यांच्याकडे पूर्वी दोनच उत्तरं होती. एका रात्रीत बांधली असेल तर पांडवांनी, पायऱ्या नीट असतील तर अहिल्याबाईंनी. भीमेपलीकडचं सिद्धटेकचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं हे खरं आहे. तेव्हा एवढ्या लांबून येताना बाईंनी अलीकडे पाणी प्यायला एखादी विहीर बांधलीच असणार, हे आबांचं गणित. अलीकडे हेमाडपंतही यादीत आले आहेत. तेराव्या शतकातल्या यादवांच्या या प्रधानाचं नाव आबांना बारवांचे फोटो काढत हिंडणाऱ्या पोरांनी दिलं. आता आबा तेच नाव नव्या पोरांना परत देतात, वर "पंत सोता उन्हात उभं राहून दगड बशिवत व्हते" एवढी भर घालून. पोरं ते व्हिडिओत टाकतात. मग तुम्ही शंका काढलीत, की आबांकडे पुरावा तयार असतो. "आवं, मोबाइलवर आलंय!"

भुयाराचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. खालच्या कोनाड्यातून निघतं आणि रांजणगावच्या गणपतीला जातं. रांजणगावी तळघरात दहा सोंडांची, वीस हातांची महोत्कटाची मूर्ती आहे असं सांगतात. आबांचं भुयार बरोबर तिच्या पायाशी उघडतं. मधे भीमा आडवी आहे म्हटलं, तर "खालून जातंय". कुणी गेलं होतं का? एक गोसावी गेला होता. परत आला का? "न्हाई ना. म्हून तर सांगतोय."

आबा खरे खुलतात ते भांड्यांवर. गावात लग्न निघालं की आदल्या रात्री विहिरीच्या पायरीवर हळदकुंकू, नारळ आणि चिठ्ठी ठेवायची. किती पान उठणार ते चिठ्ठीत लिहायचं. सकाळी पाहावं तर पायरीवर पातेली, पराती, वाट्या, सगळं लखलखीत, मोजून तेवढंच. कार्य उरकलं की घासूनपुसून परत ठेवायचं, रात्रीत गडप. ही कथा महाराष्ट्रात किती तळ्याविहिरींना चिकटलेली आहे याला गणती नाही, पण आबांना ते सांगू नये.

"चिठ्ठी लिहायचं कोण?"

"कुलकर्णी."

"आणि वाचायचं कोण?"

आबांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथे साती आसरा होत्या, शेंदूर फासलेले सात गोटे, पुढे हिरव्या बांगड्या आणि कुणीतरी भरलेली ओटी. "सात जनी हायेत," आबा म्हणाले, "येखादी तरी शिकल्याली असंलच की."

मग भांडी बंद का झाली? आबा आधी इकडंतिकडं बघून घेतात. एकाने वाटी ठेवून घेतली. चांदीची होती, मोह झाला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीने हात आखडला. आणि तो माणूस कोण? तो कायम शेजारच्या गावचा असतो, वऱ्हाडाबरोबर आलेला. शेजारच्या गावाशी सध्या बरं चाललं असेल तर तो दुसऱ्या भावकीतला असतो. बांधाचा दावा कोर्टात असेल, तर वाटीबरोबर तांब्याही जातो.

इनामगावचं नाव मीच काढलं, ती माझी हौस. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनं गाव वर काढलं. तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली जोर्वे भांडी निघाली, तोटीची भांडी निघाली, वाट्या तर ढिगानं. आबा सरसावून बसले.

"वाट्या निघाल्या?"

"निघाल्या. पण मातीच्या."

"तीन हजार वर्सांत चांदीची माती व्हईल न्हाईतर काय व्हईल?"

मी म्हटलं, चार पायांचा एक भलामोठा रांजणही निघाला. "तो बुंदीचा," आबा म्हणाले. त्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या माणसाचा सांगाडा होता, हेही सांगितलं. आबा क्षणभर थांबले. मग समाधानाने मान हलवून म्हणाले, "तोच. वाटी ठिवून घेणारा."

एक गाव मात्र आबांच्या मनाला लागून आहे, ते म्हणजे निघोज. शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीच्या पलीकडे, कुकडी ओलांडली की लागणारं. तिथे मळगंगेच्या चैत्रातल्या यात्रेत बारवेतून घागर आपोआप वर येते अशी श्रद्धा आहे, आणि ती बघायला माणसं लोटतात. शिवाय कुकडीच्या पात्रात ते रांजणखळगे. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे फिरत राहतात आणि काळ्या कातळाला भोकं पाडतात, हे मी समजावून सांगितलं. आबांना भोवरा पटला, पण निघोजकरांचं नशीब पटेना. "त्येंची घागर अजून येती," ते पुटपुटले, "त्येंच्याकडं आलं न्हाई ना कुनी वऱ्हाडी."

आबांची विहीर आटत नाही, हा त्यांच्या बोलण्यातला शेवटचा आणि सर्वांत ठाम मुद्दा. आसरांची कृपा. या कृपेचं वेळापत्रक मात्र बघण्यासारखं आहे. खडकवासल्याचा कालवा दौंडवरून इंदापूरकडे जातो. त्याला आवर्तन सुटलं की चार-सहा दिवसांनी आसरा प्रसन्न होतात आणि खालच्या तीन पायऱ्या बुडतात. आवर्तन लांबलं की आसरा रुसतात. हा मुरुमातून येणारा पाझर आहे म्हटलं, तर आबांना ते मान्यच असतं. "मग पाझर धाडतंय कोन?"

बरं, एवढ्या जागृत विहिरीवर आबांची मोटर नाही. पन्नास पावलांवर बोअर आहे, तीनशेऐंशी फूट, लेकाने मारलेलं. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती. ऊस त्याच्यावर. बोअरला आसरा का नाहीत, असं एका पाहुण्याने माझ्यादेखत विचारलं. "सा इंचात सात जनी मावायच्या कशा?" आबांनी उलट विचारलं, आणि पाहुण्याला उत्तर सुचलं नाही.

एकदा आठवडे बाजारात आमचे आबा आणि शेजारच्या गावचे आबा समोरासमोर आले. त्यांच्याही गावात बारव आहे, त्यांच्याही बारवेतून भांडी निघत, आणि त्यांची वाटी आमच्या गावच्या माणसाने ठेवून घेतली आहे. मिरचीच्या पोत्यांपाशी दोघांचं जुंपलं. एकमेकांचे आजे-पणजे निघाले, रुखवतं निघाली, कुठल्या लग्नात कोण कुणाच्या पंगतीला होतं ते निघालं. भोवती माणसं जमली. मिरचीवाल्याने वजन करणं थांबवलं. शेवटी कुणीतरी दोघांना ओढून हॉटेलात बसवलं, चहा-भजी मागवली. दुसरा कप संपेपर्यंत वाटी तिसऱ्याच गावाने नेली यावर दोघांचं एकमत झालं होतं, आणि बिल त्या तिसऱ्या गावच्या एका पाव्हण्याने दिलं.