बंदोपंत

त्यांचं खरं नाव आता पगाराच्या स्लिपवरच उरलंय. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात ते बंदोपंत. बंडोपंत नव्हे, बंदोपंत; दिसेल ते बंद करतात म्हणून. नळ, पंखे, मीटिंग रूमचे दिवे तर झालेच, पण तुम्ही डबा पुढ्यात ठेवून फोनवर दोन शब्द बोललात की वळून बघेपर्यंत डब्याला झाकण. शेवग्याची शेंग तोंडात आणि बाकीची भाजी कुलूपबंद. एकदा सोसायटीच्या गच्चीवरचा कॉक त्यांनी सकाळी आठ वाजता फिरवला. साबण लावून उभी राहिलेली माणसं अजून त्यांचं नाव काढतात.

असा माणूस कोड तपासायला बसला की त्याचा प्रश्न एकच. "उघडलंस. बंद कुठे केलंस?"

मी नवा होतो तेव्हा यात पुरता सापडलो. माझा जावा प्रोग्रॅम एका सर्व्हरकडून भाव मागवायचा. पहिली विनंती झकास, दुसरी झकास, तिसरी गप्प. एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. चार तास मी नेटवर्कवाल्यांना शिव्या घालत बसलो. मग पंत आले, पडद्याकडे जेमतेम पाहिलं आणि म्हणाले, "तुझी शेजारीण आहे ना, तिच्याकडे दोनच वाट्या आहेत."

मला काही कळेना.

"अरे, अपाचेचा हा चार नंबरचा क्लायंट. तू काही सांगितलं नाहीस तर एका ठिकाणासाठी दोनच कनेक्शन देतो. तू दोन वाट्या साखर आणलीस, वाट्या परत केल्याच नाहीस. तिसऱ्यांदा गेलास तर ती काय म्हणेल?"

"नाही म्हणेल."

"नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. ही 'थांब हं' म्हणून आत जाते. किती थांबायचं ते तू ठरवून दिलं नाहीस, तर जन्मभर."

रिस्पॉन्स शेवटपर्यंत वाचायचा आणि सोडायचा. एवढं केलं आणि प्रोग्रॅम सुरळीत चालू लागला. त्या दिवसापासून मी पंतांचा भक्त.

म्हणून महिनाअखेरीला त्यांचाच प्रोग्रॅम आडवा झाला तेव्हा मला आनंद झाला असं म्हणवत नाही. पण झाला. रात्री हजारो बिलं एकाच सर्व्हरला धाडायचं ते काम. पंतांनी ते आपल्या स्वभावाला धरून लिहिलेलं: प्रत्येक बिलाला नवा क्लायंट, नवं कनेक्शन, बिल गेलं की लगेच बंद. त्यांच्या लेखी वाटी परत करणं म्हणजे ती मोडीत काढणं, आणि पुढच्या चमचाभर साखरेला बाजारातून नवी वाटी. १९९७ साली एचटीटीपी १.१ आलं तेव्हापासून कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा वापरायचं हीच रीत आहे. पंत मनाने १.०चे. महिनाभर खपून गेलं. त्या रात्री सेकंदाला पाचशे बिलांची गर्दी झाली आणि मिनिटभरात आमचंच मशीन म्हणालं, पत्ता देता येत नाही.

"मी सगळं बंद केलंय!" पंतांचा आवाज चिरकला. खरंच केलं होतं. पडद्यावर ओळीमागून ओळ: टाइम-वेट, टाइम-वेट, टाइम-वेट.

कारण टीसीपीचा निरोप आपल्याकडच्यासारखाच असतो. एक जण म्हणतो "येतो", दुसरा "बरं", मग दुसरा "मीही निघतो", पहिला "बरं". पण जो आधी "येतो" म्हणतो, त्याने लगेच पाठ फिरवायची नाही. शेवटचं "बरं" पलीकडे ऐकू गेलं नसेल, एखादं चुकार पॅकेट मागून येत असेल, म्हणून तो उंबऱ्यात थांबतो. लिनक्सवर साठ सेकंद. तेवढा वेळ त्याचं पोर्ट अडकलेलं. बाहेर जायला पोर्ट असतात ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२. त्यांना साठाने भागा: सेकंदाला चारशे सत्तर. पंत पाचशेंना निरोप देत होते आणि उंबऱ्यात जागा उरली नव्हती.

मी सुचवलं, एकच क्लायंट रात्रभर उघडा ठेवू, काम संपलं की एकदाच बंद करू. रात्रभर गॅस चालू ठेवा म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. तरी केलं. सकाळपर्यंत तीनदा फोन: "चालू आहे ना रे? नाही म्हणजे, बंद व्हायचं राहणार नाही ना?"

पुढच्या रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. साडेनऊला मी "येतो" म्हणालो. पंत "बरं" म्हणाले आणि लिफ्टपर्यंत आले. लिफ्ट आली. तिच्या दाराला पाय लावून त्यांनी सोसायटीच्या पार्किंगचा प्रश्न काढला, मग मुलीच्या क्लासचा, मग "हां, एक सांगायचं राहिलं". लिफ्ट आत टिंगटिंग ओरडत होती, खाली कुणीतरी बटण दाबून दाबून दमलं होतं. पावणेदहा झाले.

तेवढ्यात आतून वहिनींची हाक आली, "अहो, दार उघडंच टाकलंत! मांजर शिरलं स्वयंपाकघरात!"